व्याख्यानमालेच्या चित्रफिती : ओठ आणि आवाज जुळवण्याच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेच्या आणि कीर्तनांच्या ३१ चित्रफिती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एमपी-४ मध्ये रूपांतरित करून एका हार्ड डिस्कवर ठेवण्यात आल्या. त्या पाहून गेलेल्या सभासदांची तक्रार एकच आहे, ती म्हणजे वक्त्याचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. कोणत्या फाइलमध्ये, किती आणि कोठपासून, हे कोणीच लिहून ठेवलेले नाही. तक्रारवहीत ‘आवाज मागे पडतो’ एवढीच ओळ चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहे.

मूळ सामग्री चार प्रकारची आहे. व्हीएचएस कॅसेट, मिनी-डीव्ही टेप, गावातल्या एका दुकानातून पूर्वी करून घेतलेल्या डीव्हीडी आणि अलीकडच्या कार्यक्रमांची मोबाइलवरची चित्रणे. दिवाळीत काम करणाऱ्या मुलांनी ही सगळी सामग्री एकाच सॉफ्टवेअरमधून, एकाच सेटिंगने काढली. मुलांनी मेहनत खूप घेतली आहे, पण रोग वेगवेगळे आणि औषध एकच, असा प्रकार झाला आहे.

आजचा निर्णय असा की, मोजमाप पूर्ण झाल्याशिवाय एकाही फाइलला हात लावायचा नाही. मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवून त्या केवळ वाचण्यापुरत्या खुल्या ठेवल्या आहेत.

पहिल्याच दिवशी फजितीही झाली. पहिल्या तीन फाइली मी बिनतारी हेडफोन लावून तपासल्या आणि तिन्हींमध्ये आवाज दोन दशांश सेकंदांच्या आसपास उशिरा येत असल्याची नोंद केली. नंतर लक्षात आले की ब्लूटूथ हेडफोन स्वतःच आवाज पोहोचवायला तेवढा वेळ सहज घेतात. तारेचे हेडफोन लावल्यावर त्यांतल्या दोन फाइली निर्दोष निघाल्या. सकाळची पाने फाडून टाकली.

८ जानेवारी २०२५

मोजण्याची पद्धत ठरवली. चित्रणाच्या सुरुवातीला सिनेमावाले आपटतात तशी पाटी आपटलेली असती, तर काम सोपे होते, पण व्याख्यानात पाटी कोण आपटणार? त्यामुळे व्याकरणाचा आधार घेतला. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आहेत आणि ओठ मिटल्याशिवाय ‘प’ किंवा ‘ब’ उच्चारता येत नाही. ‘परंतु’, ‘बाबा’, ‘पंढरपूर’ अशा शब्दांवर फाइल थांबवायची, ओठ ज्या फ्रेममध्ये, म्हणजे चित्रणातल्या ज्या एका स्थिर चित्रात, उघडतात ती शोधायची आणि ध्वनिलहरीच्या आलेखात त्या वर्णाचा उसळता ठिपका कोठे आहे ते पाहायचे. दोन्हींतले अंतर फ्रेमच्या संख्येत मिळते. भारतातले जुने चित्रण पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमचे असल्यामुळे एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि यापेक्षा बारीक मोजण्याचा आव मी आणणार नाही. कीर्तनांत तर याहून सोपी सोय आहे. टाळकऱ्याचे टाळ एकमेकांना भिडतात तो क्षण चित्रात आणि आवाजात दोन्हीकडे स्वच्छ दिसतो.

अडचण दोनच गोष्टींची येते, वक्त्याच्या मिशा आणि तोंडासमोरचा माइक. जुन्या माइकच्या दांड्याने निम्मे चेहरे झाकले आहेत. अशा ठिकाणी श्रोत्यांच्या टाळ्यांवर जाऊ नये. शेकडो हात एकाच क्षणी मिळत नाहीत आणि मोजमाप मनाला हवे तसे निघते.

प्रत्येक फाइलमध्ये पाच ठिकाणी मोजायचे ठरवले आहे. ती ठिकाणे म्हणजे सुरुवात, पाव, मध्य, पाऊण आणि शेवट. हे पाच आकडेच पुढे रोगनिदान करतील, असा माझा अंदाज आहे.

किती फरक चालेल, यालाही मोजपट्टी हवी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी १३५९ या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की पाहणाऱ्याला ते जाणवू लागते, तर आवाज ९० मिलिसेकंद आधी किंवा १८५ मिलिसेकंद उशिरा ही सहन होण्याची मर्यादा धरली आहे. युरोपीय प्रसारण संघाची मर्यादा अधिक कडक आहे, ४० आधी आणि ६० उशिरा. दोन्हींत उशिरा येणाऱ्या आवाजाला जास्त सवलत आहे आणि त्याचे कारण उघड आहे. प्रकाश तत्काळ पोहोचतो, आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने चालतो. शेताच्या पलीकडच्या बांधावर कोणी कुऱ्हाड चालवत असेल, तर घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, याची आपल्या डोळ्यांना आणि कानांना जन्मापासून सवय आहे. आवाज आधी आणि घाव नंतर, हे निसर्गात कधीच घडत नाही, म्हणून ते लगेच खटकते. आम्ही आमच्यासाठी एका फ्रेमची मर्यादा ठरवली आहे.

१३ जानेवारी २०२५

३१ फाइलींचे मोजमाप झाले. आकडे मांडल्यावर त्यांचे चार गट आपोआप पडले. ९ फाइली मर्यादेत आहेत. ८ फाइलींमध्ये पाचही ठिकाणी अंतर सारखेच आहे. १० फाइलींमध्ये सुरुवातीला अंतर शून्य असून ते पुढे वाढत जाते. ४ फाइलींमध्ये सारे काही ठीक चाललेले असताना एखाद्या क्षणी अचानक अंतर पडते. यांतल्या बिघडलेल्या तीन गटांना मी अनुक्रमे स्थिर, वाढते आणि पायरीचे अंतर म्हणणार आहे.

दिवाळीत काम केलेल्या एका मुलाने आज विचारले की, एफएफएमपेग या चित्र-आवाजाचे रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज आपोआप जुळवून घेणारा ‘एसिंक’ पर्याय आहे, तो सगळ्या फाइलींना लावून मोकळे का होऊ नये. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर येथे लिहून ठेवतो. हा पर्याय फाइलमधल्या टाइमस्टॅम्पवर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर आणि ध्वनीच्या प्रत्येक तुकड्यावर मारलेल्या वेळेच्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो. शिक्क्यांनुसार आवाजात खंड असेल तर शांतता भरतो, आवाज जास्त असेल तर छाटतो. आमच्या रूपांतरित फाइलींमध्ये शिक्के एकमेकांशी अगदी सुसंगत आहेत, फक्त ते खोटे आहेत. खोट्या पावत्या तपासून हिशेब जुळतो, पण गल्ल्यात पैसे येत नाहीत.

१५ जानेवारी २०२५

स्थिर अंतराचा गट हाती घेतला. आठही फाइली डीव्हीडीवरून आलेल्या आहेत आणि आठहींमध्ये आवाज १२० ते २०० मिलिसेकंद उशिरा आहे.

डीव्हीडीवरील व्हीओबी फाइल (चित्र आणि आवाज एकत्र असलेली मूळ फाइल) एफएफप्रोब या फाइल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडून पाहिल्यावर कारण पाच मिनिटांत सापडले. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज ज्या एमपेग पद्धतीने साठवतात, त्या प्रवाहात वेळ सेकंदाला ९०,००० टिक अशा घड्याळाने मोजली जाते आणि चित्राचा व आवाजाचा पहिला शिक्का सारखाच असेल, असे कोणतेही बंधन नसते. पहिल्या डिस्कमध्ये आवाज ०.१२७ सेकंदाला सुरू होतो आणि चित्र ०.२८७ सेकंदाला. मधले अंतर १४,४०० टिक, म्हणजे १६० मिलिसेकंद, म्हणजे बरोबर चार फ्रेम. प्लेअर हे शिक्के वाचून दोघांना जुळवतो, त्यामुळे डीव्हीडी टीव्हीवर नीट दिसते. मुलांच्या सॉफ्टवेअरने मात्र चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फाइलींमध्ये काढले आणि मग पुन्हा जोडले. वेगळे काढताना शिक्के गळून पडले, दोघेही शून्यापासून सुरू झाले आणि आवाज चार फ्रेमनी मागे राहिला.

यावर खरा उपाय म्हणजे व्हीओबीवरून, चित्र आणि आवाज वेगळे न करता, थेट रूपांतर करणे. सात डिस्कचे तसे केले. आठवी डिस्क आता कोणत्याही ड्राइव्हवर वाचली जात नाही, त्यामुळे तिच्या एमपी-४ फाइलमध्येच अंतर सरकवावे लागले. येथे चित्र किंवा आवाज पुन्हा एन्कोड करण्याची, म्हणजे नव्याने दाबून साठवण्याची, गरज नसते, दोन्ही प्रवाह जसेच्या तसे उचलून फक्त शिक्के बदलायचे असतात. एफएफएमपेगमधला आयटीएस-ऑफसेट हा पर्याय ज्या इनपुटच्या आधी लिहावा, त्या संपूर्ण इनपुटला लागू होतो. म्हणून एकच फाइल दोनदा इनपुट म्हणून द्यावी लागते, एकदा चित्रासाठी आणि एकदा आवाजासाठी.

पहिल्या प्रयत्नात मी चिन्ह उलटे दिले आणि १६० चे ३२० झाले. आवाज उशिरा असेल, तर आवाजाला उणे किंवा चित्राला अधिक द्यायचे असते. मी चित्राला अधिक १६० देण्याची रीत ठेवली, कारण उणे शिक्के काही प्लेअरना पचत नाहीत. ‘आवाज उशिरा असेल, तर चित्राला अधिक’ हे वाक्य संगणकाशेजारच्या भिंतीवर चिकटवले आहे.

१८ जानेवारी २०२५

आता वाढत्या अंतराच्या दहा फाइली. पाच ठिकाणचे आकडे आलेखावर मांडले, तेव्हा चार फाइलींचे ठिपके सरळ रेषेत आले आणि सहा फाइलींचे वेडेवाकडे. सरळ रेषा म्हणजे कोणाचे तरी घड्याळ ठरावीक प्रमाणात चुकीचे. वेडीवाकडी रेषा म्हणजे चुकीचे प्रमाणच बदलते आहे. आज सरळ रेषेच्या चारपैकी दोन घेतल्या.

ही दोन्ही कीर्तने अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाने आमच्या एका कीर्तनकारबुवांच्या तिकडच्या दौऱ्यात चित्रित करून डीव्हीडीवर पाठवली होती. पहिल्या फाइलची लांबी १ तास ३२ मिनिटे आहे आणि शेवटच्या आरतीला आवाज साडेपाच सेकंद मागे आहे. चित्रात आरतीचे ताट खाली ठेवले जाते, तेव्हा कानावर टाळ अजून चालू असतात. ५,५२० सेकंदांत ५.५ सेकंद, म्हणजे हजारी एक. हा आकडा दिसला की पुढे शोधायचे कारण उरत नाही.

अमेरिकेत दूरचित्रवाणीची एनटीएससी पद्धत होती आणि तिच्यात सेकंदाला ३० नव्हे, तर ३०,००० भागिले १,००१, म्हणजे सुमारे २९.९७ फ्रेम असतात. मूळ कृष्णधवल पद्धत ३० फ्रेमचीच होती. १९५३ मध्ये रंगाचा संकेत त्याच वहनपट्ट्यात बसवताना तो आवाजाच्या वाहक लहरीशी भिडून पडद्यावर जाळी उमटू नये, म्हणून फ्रेमचा वेग हजारी एकने कमी केला गेला. भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ मध्ये आले, ते पाल पद्धतीने, सरळ २५ फ्रेमचे, त्यामुळे आपल्याकडच्या चित्रणात हा अपूर्णांक कधी आडवा येत नाही आणि म्हणूनच तो आला की ओळखूही येत नाही. मुलांनी यादीतून ‘३०’ निवडले. चित्र हजारी एकने वेगाने धावले आणि तासाला ३.६ सेकंद या हिशेबाने आवाज मागे राहिला.

दुरुस्ती म्हणजे डीव्हीडीवरून पुन्हा रूपांतर करताना फ्रेमचा वेग अपूर्णांकातच लिहिणे. २९.९७ असे दशांशात लिहिले, तरी तासाला केवळ ३.६ मिलिसेकंदांची चूक होते, तेव्हा त्याबद्दल घबराट नको. पण अपूर्णांक लिहिणे तितकेच सोपे आहे. आवाज हजारी एकने आकसवून चित्राशी जुळवणे हा दुसरा मार्ग होता आणि खरे सांगायचे तर स्वरात पडणारा फरक कोणाच्याही कानाला कळला नसता. पण चूक चित्राची असताना शिक्षा आवाजाला करणे मला पटले नाही, आणि कीर्तन साडेपाच सेकंदांनी लवकर संपले असते ते वेगळेच. या फाइली २५ फ्रेमच्या करण्याचा आग्रहही मी धरलेला नाही. एमपी-४ ला २९.९७ चालते, मग विनाकारण फ्रेम गाळून हालचाल अडखळती का करावी?

२१ जानेवारी २०२५

सरळ रेषेच्या उरलेल्या दोन फाइली व्हीएचएसच्या आहेत. ७१ मिनिटांच्या फाइलच्या शेवटी आवाज ०.६ सेकंद मागे आणि ६४ मिनिटांच्या फाइलच्या शेवटी ०.५४ सेकंद मागे. दोन्हींचे प्रमाण काढले, तर दर दहा लाखांत सुमारे १४१ असे एकच उत्तर येते. दोन वेगळ्या कॅसेट, पण चूक तंतोतंत सारखी. तेव्हा दोष कॅसेटचा किंवा व्हीसीआरचा नसून कॅप्चर करणाऱ्या, म्हणजे टेपवरचे संगणकात उतरवून घेणाऱ्या, साधनांचा आहे.

दिवाळीची मांडणी विचारून घेतली. चित्र यूएसबीच्या कॅप्चर डोंगलमधून (व्हीसीआर संगणकाला जोडणाऱ्या छोट्या उपकरणातून) आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डमधून घेतला होता. दोन साधनांची दोन स्फटिक-घड्याळे, आणि कोणतीही दोन घड्याळे कायम एकत्र चालत नाहीत. साउंड कार्ड सेकंदाला ‘४८,००० सॅम्पल’, म्हणजे आवाजाचे नमुने, म्हणत प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ४८,००७ सॅम्पल घेत होते. ते ४८,००० च्या गतीने वाजवले की आवाज थोडा लांबतो. स्वस्त उपकरणांत दहा लाखांत शंभर-दीडशेची चूक असणे काही अघटित नाही. एखादे गाणे उतरवताना ती कधीच कळत नाही, सव्वा तासाचे व्याख्यान मात्र ती उघडी पाडते.

येथे चूक आवाजाची आहे, कारण कॅप्चरच्या नोंदीत एकही फ्रेम गळालेली नाही आणि फ्रेमची एकूण संख्या टेपच्या वेळेशी जुळते. म्हणून आवाजाचा सॅम्पल रेट ४८,००७ असल्याचे आधी घोषित केले आणि मग तो ४८,००० वर आणला. शेवटी २० मिलिसेकंदांच्या आसपास फरक उरतो, तो अर्ध्या फ्रेमचा आहे, सोडून दिला.

पुढच्या कॅप्चरला चित्र आणि आवाज एकाच डोंगलमधून घ्यायचे, असे ग्रंथपालबाईंना लिहून दिले आहे.

२५ जानेवारी २०२५

वेडीवाकडी रेषा असलेल्या सहा फाइली, सगळ्या मोबाइलच्या. फाइलीची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोने मूळ फाइल उघडल्यावर ‘फ्रेमचा वेग बदलता’ अशी ओळ दिसते. पहिल्या फाइलीत कमीत कमी १४.९, जास्तीत जास्त ३० च्या थोडा वर आणि सरासरी २९.९४ फ्रेम आहेत. मोबाइल उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेतो आणि फ्रेम कमी करतो. आमच्या सभागृहात दीपप्रज्वलनाच्या वेळी दिवे मंद करण्याची पद्धत आहे आणि आलेखावर नेमका तोच काळ खड्ड्यासारखा दिसतो.

मोबाइलवर ही फाइल बिनचूक चालते, कारण तेथे प्रत्येक फ्रेमचा शिक्का वाचला जातो. संपादनाच्या सॉफ्टवेअरने मात्र सेकंदाला ३० फ्रेम असे गृहीत धरून सगळ्या एका ओळीत लावल्या. ५० मिनिटांत ९०,००० फ्रेम हव्यात, होत्या ८९,८२०. कमी पडलेल्या १८० फ्रेम म्हणजे ६ सेकंद, आणि शेवटी आवाज तितकाच मागे होता. आकडा इतका नेमका जुळल्यावर मला जो आनंद झाला, तो घरी कोणाला समजावता आला नाही.

उपाय असा की, संपादनाच्या आधीच मूळ फाइल स्थिर वेगाची करून घ्यायची. एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी व्ही-सिंक नावाचा पर्याय होता. ५.१ आवृत्तीपासून तेच काम एफपीएस-मोड करतो. शिक्के पाहून जेथे फ्रेम कमी आहेत, तेथे आधीची फ्रेम पुन्हा ठेवली जाते. दीपप्रज्वलनाच्या वेळी चित्र किंचित अडखळते, पण ते मूळ चित्रणातही अडखळतच होते. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्येही स्थिर वेगाचा पर्याय असतो. ज्यांना आज्ञा लिहायला आवडत नाही, त्यांनी तो वापरावा. वेग २५ न ठेवता ३० ठेवला, कारण मोबाइलने मुळात ३० च्या आसपास चित्रण केले आहे.

पाच फाइलींची मूळ प्रत मिळाली. सहावी मूळ प्रत चित्रण करणाऱ्याने मोबाइल बदलताना पुसली. मेसेजिंग ॲपमधून फिरलेली आवृत्ती एका सभासदांकडे होती, तिच्यावर काम केले. चित्र गढूळ आहे, पण शिक्के शाबूत असल्याने आवाज जुळला.

१ फेब्रुवारी २०२५

पायरीच्या चार फाइली. त्यांपैकी एक मिनी-डीव्हीची आहे, ती आज.

मिनी-डीव्ही टेपवरच्या डीव्ही या डिजिटल पद्धतीबद्दल मला आदर आहे. त्यात प्रत्येक फ्रेमच्या पोटातच तिच्या वाट्याचा आवाज असतो. पालमध्ये ४८,००० च्या दराने एका फ्रेमला सरासरी १,९२० सॅम्पल येतात. असा कच्चा प्रवाह जपला, तर ओठ आणि आवाज एकमेकांना सोडून जाणे जवळजवळ अशक्य. किंमत मोजावी लागते ती जागेची, तासाला सुमारे १३ जीबी.

मग ही फाइल का बिघडली? ६० मिनिटांच्या या टेपवर पहिली ३८ मिनिटे आवाज १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर आहे आणि नंतर कोणीतरी कॅमेऱ्यात सेटिंग बदलल्यामुळे उरलेली २२ मिनिटे १६ बिट, ४८ किलोहर्ट्झवर आहेत. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने पहिली फ्रेम वाचून ३२ ठरवले आणि ते शेवटपर्यंत सोडले नाही. परिणामी ३९ व्या मिनिटापासून वक्त्या दीडपट संथ आणि जड आवाजात बोलू लागतात, २२ मिनिटांचे भाषण ३३ मिनिटे चालते आणि चित्र संपल्यानंतर ११ मिनिटे काळ्या पडद्यामागून आवाज येत राहतो. तक्रारवहीत याचीही नोंद ‘आवाज मागे पडतो’ अशीच आहे.

कच्चा डीव्ही प्रवाह सेटिंग बदलले त्या फ्रेमवर तोडला, दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे ४८ किलोहर्ट्झवर आणले आणि जोडले. कामाला अर्धा तास लागला.

८ फेब्रुवारी २०२५

उरलेल्या तीन पायऱ्या व्हीएचएसच्या, आणि या सर्वांत कष्टाच्या. कोकणातल्या दमट हवेत पंचवीस-तीस वर्षे कपाटात राहिलेल्या कॅसेट आहेत. टेप चुरगळलेली किंवा खराब असेल तेथे व्हीसीआरमधून येणारा संकेत क्षणभर फाटतो, डोंगलला फ्रेम ओळखता येत नाही आणि सॉफ्टवेअर ती गाळते. आवाज मात्र वाहतच राहतो. गळलेल्या जागी काहीच भरले गेले नाही, तर चित्र तेवढे पुढे सरकते आणि आवाज मागे.

पायरी कोठे आहे, हे सापडवण्यासाठी निम्म्या-निम्म्याने शोधत गेलो. २० व्या मिनिटाला अंतर शून्य, ३० व्याला २८० मिलिसेकंद. २५ व्यालाही २८०. २२ व्याला शून्य. असे करत २३ मिनिटे १२ सेकंदांपाशी पोहोचलो. तेथे पडद्यावर एक पांढरा पट्टा चमकून जातो आणि त्यातच ७ फ्रेम हरवल्या आहेत.

एक कॅसेट वाजवण्याजोगी होती. एका निवृत्त शिक्षकांकडचा जुना व्हीसीआर आणला, त्याचे हेड साफ केले आणि कॅसेट पूर्ण पुढे-मागे फिरवून घेतली. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये गळलेल्या फ्रेमच्या जागी आधीचीच फ्रेम भरण्याचा पर्याय आहे, तो सुरू ठेवून पुन्हा कॅप्चर केले. पट्टा तसाच आहे, पण पायरी गेली. गुरुजी शेजारी बसून स्वतःच्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या आभारप्रदर्शनाचा व्हिडिओ पाहत होते. ‘आवाज माझाच आहे ना, की यंत्राने केलाय?’ असे त्यांनी दोनदा विचारले.

इतर दोन कॅसेटच्या कडांवर पांढरी बुरशी दिसते. त्या व्हीसीआरमध्ये घालायच्या नाहीत. बुरशी हेडला लागली, तर ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. त्यामुळे दिवाळीच्या फाइलींवरच काम करणे भाग आहे.

१२ फेब्रुवारी २०२५

बुरशीच्या पहिल्या फाइलमध्ये ११ पायऱ्या सापडल्या, सर्वांत लहान २ फ्रेमची आणि सर्वांत मोठी १९ फ्रेमची. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय असतात, जास्तीचा आवाज कापणे किंवा कमी पडलेले चित्र भरणे. आवाज कापणे सोपे आणि दिसायलाही स्वच्छ. पण हरवले आहे ते चित्र, आवाज पूर्ण आहे. १९ फ्रेम म्हणजे पाऊण सेकंद, तेवढ्यात वक्त्याचे दोन-तीन शब्द जातात. व्याख्यानात शब्द महत्त्वाचे. म्हणून प्रत्येक जागी शेवटची चांगली फ्रेम आवश्यक तेवढ्या वेळा पुन्हा ठेवली. चित्र पाऊण सेकंद गोठते, वाक्य मात्र तुटत नाही.

दुसऱ्या फाइलमध्ये कॅमेरा इतका दूर आहे की ओठ दिसतच नाहीत आणि वक्ते हातही हलवत नाहीत. शेवटच्या मिनिटात अध्यक्षांनी टेबलावर पेला ठेवला, त्या एका ठिकाणी सुमारे एक सेकंदाचे अंतर मोजता आले. ते किती पायऱ्यांत साठले, हे ठरवायला पुरावा नाही. अंदाजाने भरणे मी नाकारले. ही फाइल प्रलंबित.

१७ फेब्रुवारी २०२५

दुरुस्त फाइलींच्या सुरुवातीचे ध्वनिक्षेपक तपासणे, खुर्च्या सरकवणे वगैरे भाग कापण्याचे काम मुलांना दिले होते. कापलेल्या दोन फाइलींमध्ये पुन्हा गडबड दिसली. आवाज लगेच सुरू होतो, चित्र काही सेकंद गोठलेले राहते. त्यांनी पुन्हा एन्कोड न करता प्रवाह तसाच कापला होता. असे कापताना चित्र केवळ कीफ्रेमपासूनच (इतर फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण चित्रापासूनच) सुरू होऊ शकते आणि एक्स-२६४ या चित्राच्या एन्कोडरचे मूळ सेटिंग वापरले, तर दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत, म्हणजे १० सेकंदांपर्यंत अंतर असू शकते. आता आधी मूळ सामग्रीत कापून मगच शेवटचे एन्कोडिंग करायचे, असे ठरले.

याच निमित्ताने आणखी एक बारीक गोष्ट तपासली. एमपी-४ मधला आवाज दाबून साठवणारा एएसी एन्कोडर सुरुवातीला काही रिकामे सॅम्पल घालतो. एफएफएमपेगचा स्वतःचा एन्कोडर १,०२४ सॅम्पल घालतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१ मिलिसेकंद. एमपी-४ मधील एडिट लिस्ट, म्हणजे कोठून वाजवायचे याची नोंद, प्लेअरला ते वगळायला सांगते. एडिट लिस्ट न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल एकदा गेली, तर अर्धी फ्रेम सरकते आणि चार वेळा गेली, तर दोन फ्रेम. म्हणून पुढचे कोणतेही संपादन एमपी-४ वरून न करता मूळ सामग्रीवरूनच करावे, असे डिस्कवरच्या सूचनेत लिहिले.

२४ फेब्रुवारी २०२५

फेरतपासणी मी स्वतः केली नाही. कोणत्या फाइलला काय झाले होते, हे माहीत नसलेल्या एका सभासद ताईंना यादी दिली आणि पाच-पाच ठिकाणी मोजायला सांगितले. ३० पैकी २७ फाइली एका फ्रेमच्या आत आहेत. उरलेल्या तिघींत आवाज दीड ते दोन फ्रेम उशिरा आहे.

त्या तीनपैकी दोन बुरशीची पहिली फाइल आणि मेसेजिंग ॲपवरची आवृत्ती आहेत, ते अपेक्षित होते. तिसरीने कोड्यात टाकले, कारण तो मिनी-डीव्ही टेपवरून काढलेला कच्चा प्रवाह होता, सुरुवातीच्या नऊ निर्दोष फाइलींपैकी एक. माझ्या पहिल्या मोजणीत ती जेमतेम एका फ्रेममध्ये बसली होती, ताईंनी काटेकोर मोजली आणि पाचही ठिकाणी सुमारे ६० मिलिसेकंद आले. रूपांतरात काहीच चुकलेले नाही. मग चित्र नीट पाहिले. त्या वर्षी कॅमेरा सभागृहाच्या मागच्या भिंतीला लावला होता आणि आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतला होता. व्यासपीठापासून भिंत साधारण २० मीटर आहे. आवाजाला तेवढे अंतर कापायला ५८ मिलिसेकंद लागतात.

ताईंनी विचारले, हे सरकवून देऊ का. नको म्हटले. शेवटच्या रांगेत बसलेल्यांना ते व्याख्यान तसेच ऐकू आले होते.

३० फाइली वाचनालयाच्या डिस्कवर चढवल्या, जुन्या एमपी-४ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. बुरशीच्या दोन्ही कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवून डब्यावर ‘वाजवू नये’ असे लिहिले आहे. ३१ व्या फाइलसाठी त्या व्याख्यानाचे कोणी स्वतंत्र ध्वनिमुद्रण केले होते का, किंवा दुसऱ्या कोनातून चित्रण झाले होते का, याची विचारणा सूचना फलकावर लावली आहे.

३ मार्च २०२५

फलकावरची सूचना वाचून एक आजोबा ऑडिओ कॅसेट घेऊन आले. व्याख्यान तेच आहे. तिच्यात आवाज अखंड आहे, पण चित्राशी जुळवायला तिचा उपयोग नाही, कारण आमच्याकडेही आवाज अखंडच आहे. हवे आहे ते चित्र. कॅसेट स्वतंत्रपणे डिजिटल करून घेतली आणि आजोबांना परत केली. फाइल क्रमांक ३१ प्रलंबितच आहे.